जुनी डिझेल गाडी: एक लाख पाच हजार घालायचे की नवी घ्यायची?

धागाकर्ता: मांजराकाठ (लातूर)

मोघम बोलण्यापेक्षा एक गाडी समोर धरू. 2012 ची डिझायर एलडीआय (डिझेलचं सगळ्यात खालचं मॉडेल), 1.3 डिझेल, एमएच-24, रनिंग 1,82,000. लातूर-औसा आणि आसपासची खेडी मिळून महिन्याला साधारण 900 किलोमीटर. गॅरेजचा अंदाज असा: क्लच सेट 11,500, टायमिंग चेन किट 14,000, चार इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) 36,000, पुढचं सस्पेन्शन 13,500, रेडिएटर 7,500, एसीचा कंडेन्सर आणि गॅस 9,500, मजुरी 13,000. एकूण 1,05,000. गाडी आहे तशी विकली तर 2 लाख 20 हजार येतात. दुसरीकडे नवी छोटी पेट्रोल गाडी ऑन रोड 8 लाख 20 हजार. जुनीचे पैसे वजा केले की कर्ज 6 लाखांचं. गाडीच्या निम्म्या किमतीइतकी दुरुस्ती करणं शहाणपणाचं आहे का? दोन्ही बाजूंनी आकड्यांसकट बोला.

पाना-पक्कड (जालना)

मालक, आधी तो कागद फाडा. तो अंदाज नाही, पार्टची यादी आहे. चारही इंजेक्टर एकदम खराब झाले हे कशावरून ठरवलं? लीक-ऑफ टेस्ट केली का? चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, गाडी दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायची आणि बाटल्या शेजारी शेजारी मांडून बघायच्या. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथीत दुप्पट-तिप्पट, तर दोषी तो चौथा. एकाचं काम करा, खालचा तांब्याचा वायसर मात्र नवा टाका. तिथंच 27,000 वाचले, राहिले 78,000. एसी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबला तर 68,500.

चेनला मात्र हात आखडू नका. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करायला या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून लोक "लाइफटाइम" समजून बसतात. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल तीन लिटरच्या जरा वर मावतं, त्यातलं लिटरभर कमी झालं किंवा एकच ऑइल वीस हजार चालवलं की चेन ढिली पडते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना बाजूच्या कव्हरमधून दोन-चार सेकंद खळखळ येते, ती हीच. दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, रॉकर तुटतात, हेड उघडावं लागतं. चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट सगळं एकत्र बदला. नुसती चेन टाकून देणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

हिशेबी (छ. संभाजीनगर)

पाना-पक्कड यांची दुरुस्ती बरोबर आहे, प्रश्न चुकीचा आहे. ही एलडीआय आहे. हिला एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आपल्याकडे एबीएस एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून सक्तीची झाली. 68 हजार घाला नाहीतर अडीच लाख घाला, या दोन गोष्टी त्या गाडीत येणार नाहीत. समोर अंधारात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आणि ब्रेकवर उभं राहिल्यावर चाक लॉक. तिथं नवा क्लच काय करणार?

दुसरं, विमा. ही गाडी ठोकली आणि खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. आयडीव्ही वयावर ठरतो. तुम्ही काल लाख रुपये घातले हे कंपनी विचारत नाही.

पाना-पक्कड (जालना)

सुरक्षेचा मुद्दा मान्य. पण पैशाचंही बोला की. 6 लाख, 9 टक्के, 5 वर्षं: हप्ता 12,455. आणि 68,500 तीन वर्षांत वाटले तर महिन्याला 1,900.

हिशेबी (छ. संभाजीनगर)

ही तुलनाच फसवी आहे, गॅरेजवाल्यांची आवडती! हप्ता भरून झाल्यावर हातात गाडी उरते, ती का धरत नाही? नीट मांडू. नवी 8.20 ची गाडी पाच वर्षांनी 4.50 ला गेली असं धरा. घट 3.70, व्याज 1.47, एकूण 5.17 लाख. महिन्याला सुमारे 8,600. जुनीला आत्ता पूर्ण 1.05 लाख, पुढं वर्षाला 25 हजार प्रमाणे 1.25 लाख, आणि आजची 2.20 ची गाडी पाच वर्षांनी 80 हजारांची, म्हणजे घट 1.40. एकूण 3.70 लाख, महिन्याला 6,150 च्या आसपास. फरक अडीच हजारांचा आहे, दहा हजारांचा नाही. अडीच हजारांत एबीएस, दोन एअरबॅग आणि वॉरंटी.

पाना-पक्कड (जालना)

विमा राहिला. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी पहिल्याच दिवशी भरावा लागतो, तो ऑन रोडमध्ये आला हे ठीक. पण ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, दरवर्षी, आणि तोही साडेसात-आठ लाखांच्या गाडीवर. शिवाय 900 किलोमीटरला दोन्ही गाड्यांनी अठराचं ॲव्हरेज दिलं तरी महिन्याला 50 लिटर. डिझेल-पेट्रोलच्या भावातला फरक त्यात मिळवा. तुमचे अडीच हजार साडेचारच्या घरात जातात.

गोदाकाठ (परभणी)

आवो, पण धा वर्साच्या वर डिझेल गाडी चालूच देणार न्हाईत म्हणतेत ना? मग उगं पैसा कामून घालायचा?

पासिंग पाहा (नांदेड)

गोदाकाठ भाऊ, तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि एनसीआरसाठीचा. मराठवाड्यात खासगी गाडीचं आरसी 15 वर्षं चालतं. नंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मांजराकाठ यांच्या गाडीचं 2027 मध्ये येईल. कारची फी एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये आहे, उशीर केला तर महिन्याला 500 वाढतात. 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाडीला ती 10,000 झाली. पर्यावरण कर वेगळा. तपासणीत लाइट, ब्रेक, धूर, टायर बघतात, म्हणून पासिंगच्या तोंडावर पुन्हा खर्च नको असेल तर सस्पेन्शन आणि ब्रेकचं काम तेव्हाच्या हिशेबानं आत्ताच धरा. आणि 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी, त्यामुळे एचएसआरपी (सुरक्षा खुणांची सरकारी नंबर पाटी) लागतेच.

काळी जमीन (धाराशिव)

दोघंही इंजिन धडधाकट आहे असं गृहीत धरून भांडताय. त्याची परीक्षा आधी व्हायला पाहिजे, पार्ट नंतर. क्रम असा:

गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून सुरू करा. पाण्यात सलग बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेलंय. मग रेडिएटर बदलून उपयोग नाही, नवा रेडिएटरही तसाच तापेल. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा. बारीक वाफ चालते, पण चिलमीसारखे फुत्कार आले, डिपस्टिक वर ढकलली जात असली, सायलेन्सरला निळा धूर असला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. खात्रीला कॉम्प्रेशन टेस्ट, चार सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. यातलं एक जरी निघालं तर मी हिशेबींच्या बाजूनं, गाडी लगेच विका. काहीच निघालं नाही तर पाना-पक्कड यांच्या.

रेडिएटर का जातो तेही ऐका. आपल्याकडं बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार नळ्यांत बसतात, चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर, आणि एप्रिल-मेमध्ये एसी लावला की काटा वर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बाकी काही नाही.

पत्र्याबद्दल मात्र आपण नशीबवान. कोकणातली 2012 ची गाडी खालून कुजलेली असते, लातूरच्या गाडीचा चासी कोरडा असतो. मार खातो तो सस्पेन्शन, कारण काळ्या मातीवरचा रस्ता उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात फुगतो आणि लाटा तयार होतात. पण 13,500 चा अख्खा सेट घेण्याआधी चाक जॅकवर घ्या. बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून हलवल्यावर खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, तीन आणि नऊला आला तर टाय रॉड एन्ड. नुसती खटखट असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, ते सगळ्यात स्वस्त काम.

हिशेबी (छ. संभाजीनगर)

काळी जमीन यांचा क्रम पटला. पण इंजिन पास झालं तरी मी तीन-चार वर्षांची पेट्रोल गाडी सुचवीन. पाच लाखांच्या आसपास, एबीएस आणि दोन एअरबॅगसकट. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, उपकर गेला, त्यामुळे जुन्यांच्या भावातही घासाघीस करता येते. विकणारा जुनाच भाव सांगत असेल तर नव्याचं कोटेशन समोर ठेवा.

नवी डिझेल मात्र या वापराला घेऊ नका. लातूर-औसा वीस किलोमीटर. बीएस-6 डिझेलच्या डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली) काजळी जळायला गाडी बराच वेळ एका लयीत पळावी लागते. अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत ती साठत जाते आणि दिवा लागतो.

पाना-पक्कड (जालना)

दुसऱ्याची चार वर्षांची गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणणं. 2023 च्या आधीची बहुतेक पेट्रोल गाडी ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी बनवलेली नाही, फ्युएल लाइनचे रबरी पार्ट बघूनच घ्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 3522 म्हणजे 2022 चा पस्तिसावा आठवडा. पंचवीस हजार रनिंग सांगणाऱ्याच्या गाडीला दुसरा टायर सेट निघाला तर मीटर मागं फिरवलेलं आहे. ही डिझायर निदान ओळखीची आहे.

मांजराकाठ (लातूर)

काळी जमीन यांच्या क्रमानं तपासलं. बुडबुडे नाहीत, फुत्कार नाहीत, कॉम्प्रेशनमध्ये फरक सहा टक्के. बाटल्यांत तिसरा इंजेक्टर दोषी. सस्पेन्शनमध्ये दोन लिंक रॉड आणि डावा बॉल जॉइंट. सुधारित आकडा 59,000, एसी सोडून.

पाना-पक्कड (जालना)

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा क्रँकची मागची ऑइल सील त्यातच टाकून घ्या. काही शेकड्यांची वस्तू आहे, पण नंतर गळली तर तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली. रिलीज बेअरिंग जुनंच ठेवून "चालतंय की" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

हिशेबी (छ. संभाजीनगर)

59 हजारांत एबीएस आलं का?

पाना-पक्कड (जालना)

नाही आलं. चार नवे टायर टाका आणि रात्री साठच्या वर नेऊ नका.