शब्दचर्चा : प्रकीर्णन, काटछेद, गतिकी

भाची इलेक्ट्रॉन आणि रेणूंच्या टकरींवर पीएचडी करतेय, सगळं काम कागदावर आणि संगणकावर. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात तिच्या विषयावर पानभर लिहायचंय. ‘स्कॅटरिंग’ला विकिरण लिहू की प्रकीर्णन? ‘क्रॉस-सेक्शन’ला काटछेद चालेल का? आणि डायनॅमिक्स, कायनेटिक्स दोन्ही गतिकीच?

— प्रकीर्णन. शाळेत ‘प्रकाशाचे विकिरण’ शिकलो खरं, पण हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. हिंदी बातम्या ऐकणारा वाचक थेट अणुभट्टीत जाऊन पोचेल. क्रियापद मात्र साधं ‘विखुरणे’च ठेवा, ‘प्रकीर्णित होणे’ नको.

— विखुरणे चालेल, पण सगळीकडे नाही हो. इलेक्ट्रॉन रेणूवर आदळून ऊर्जा न गमावता नुसती दिशा बदलतो, तोवर ठीक. नायट्रोजनच्या रेणूवर 2.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणु-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) आसपासचा इलेक्ट्रॉन सोडला, तर तो क्षणभर रेणूतच मुक्काम करतो आणि निघताना रेणूला थरथरत ठेवून जातो. याला संस्पंदन (रेझोनन्स) म्हणतात. कार्बन टेट्राक्लोराइडच्या बाबतीत तर जवळजवळ शून्य ऊर्जेचा इलेक्ट्रॉनही पुरतो: तो बाहेर येतच नाही, बंध तुटतो आणि क्लोराइड आयन, म्हणजे ऋण प्रभाराचा क्लोरीन, सुटा होतो. इथे विखुरलं कोण? ही रासायनिक अभिक्रियाच झाली. भाचीच्या विषयाची दोन टोकं, टक्कर आणि अभिक्रिया, इथे जुळतात, पानातली निम्मी जागा यालाच द्या. कॅनडात शेरब्रूक विद्यापीठाच्या गटाने 2000 साली दाखवलं, की 20 इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉनसुद्धा डीएनएचे धागे तोडतात. वाचक त्यानेच जागा होईल.

— काटछेद चालेल, पण तारेचा काटछेद डोक्यात ठेवून वाचलं तर फसगत. एकक क्षेत्रफळाचंच, तरी तो रेणूचा आकार नव्हे, टक्कर घडण्याच्या शक्यतेचं माप आहे आणि ते ऊर्जेनुसार बदलतं. आरगॉनचा अणू तोच, पण 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉनला तो जवळजवळ दिसतच नाही. हा रामसाउअर परिणाम, 1920च्या दशकातला. पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आल्यावरच त्याचा उलगडा झाला. उलट टोकाला पोटॅशियम आणि ब्रोमीन घ्या. रेणू जवळ येण्याआधीच पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन उडी मारून ब्रोमीनवर जातो, मग विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. काटछेद शंभर चौरस अँगस्ट्रॉमच्या वर (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), आणि ब्रोमीनमधला बंध जेमतेम 2.3 अँगस्ट्रॉमचा! इंग्रजीत याला हार्पून म्हणतात, मासा टिपायचा दोर बांधलेला भाला. कल्पना रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलानींची, आणि 1986चं रसायनाचं नोबेल त्यांचे चिरंजीव जॉन पोलानी, डडली हर्शबाख आणि युआन ली या तिघांना. ली-हर्शबाखांचे प्रयोग रेणूंचे झोत एकमेकांवर सोडायचे.

— कायनेटिक्सला सरळ ‘अभिक्रियेचा वेग’ म्हणा, तापमान वाढवल्यावर किती भराभर होते ते. ‘गतिकी’ डायनॅमिक्ससाठी राखून ठेवा: एका टकरीत कुठला अणू कुठून आला, कुठे गेला, ऊर्जा कशात मुरली. दोन्हीला एकच शब्द दिलात तर तुमची भाचीच आधी भांडेल.

— भांडलीच! शीर्षकात ‘विखुरणे’ टाकलं होतं, तिने ‘टक्कर’ करून दिलं. काटछेदाला मात्र तळटीप टाकू का, की चौकट?

— चौकट. दिवाळी अंकात तळटीप कोण वाचतो?