.२४३ हरणाला कमी पडतं का?

हरणाच्या शिकारीसाठी .२४३ हे रायफलचं काडतूस अपुरं, कारण गोळी सुटताना खांद्याला बसणारा ‘धक्का कमी म्हणजे दमही कमी’, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला पटत नाही. .२४३ विंचेस्टर १९५५ साली .३०८ या मोठ्या तोंडाच्या काडतुसाचंच तोंड आवळून तयार झालं. १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी साधारण २९५० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, आणि तेवढ्याच वजनाच्या रायफलमध्ये .३०-०६ या जास्त ताकदीच्या काडतुसाच्या निम्म्याहून कमी धक्का बसतो.

खरा फायदा खांद्याला नाही, नेमाला होतो. जोरदार धक्क्याची सवय लागली की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि नळी खाली जाते. हे तपासायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी मॅगझिनमध्ये मधूनच एखादं डमी (न उडणारं) काडतूस भरायला सांगा. खटका रिकामा पडला आणि नळी हलली, तर नेम का चुकतोय ते लगेच कळतं. धक्का हलका असला की गोळी लागताना हरीण दुर्बिणीत दिसत राहतं, त्यामुळे ते कुठल्या बाजूला पळालं हेही समजतं.

गडबड होते ती गोळी निवडताना. ५५-७० ग्रेनच्या पातळ आवरणाच्या गोळ्या छोट्या प्राण्यांसाठी असतात. खांद्याच्या हाडावर त्या फुटतात, आत पोचतच नाहीत, आणि जनावर जखमी होऊन निसटतं. ९५-१०० ग्रेनची बाँडेड (आवरण आतल्या शिशाला पक्कं जोडलेली) किंवा ८०-८५ ग्रेनची पूर्ण तांब्याची घ्या. नळीतल्या खाचांचा पीळ १० इंचाला एक फेरा असा असेल तर १०५ ग्रेनच्या पुढच्या लांब, निमुळत्या गोळ्यांच्या नादी लागू नका, त्या स्थिर राहत नाहीत. मारा पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, आणि जनावराची पूर्ण बाजू तुमच्याकडे असतानाच. तिरक्या कोनातून मारावं लागणार असेल, तर ७ एमएम-०८ हे जरा जड गोळीचं काडतूस अधिक भरवशाचं.