पुणे ते पणजी सायकलने, डायलिसिस रुग्णांच्या मदतीसाठी: टीमबरोबर सराव कसा करावा?

कर्वेनगरची

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमची आठ जणांची टीम पुण्याहून पणजीला सायकलने निघणार आहे. चार दिवस, चार टप्पे: सातारा, कोल्हापूर, मग निपाणी-आजऱ्यावरून आंबोली, आणि शेवटच्या दिवशी घाट उतरून सावंतवाडी, बांदा, पणजी. प्रत्येकाने आपल्या ओळखीपाळखीत निधी गोळा करायचा. तो जाणार आहे डायलिसिसच्या रुग्णांना येण्याजाण्याचा आणि इंजेक्शनांचा खर्च देणाऱ्या एका ट्रस्टला.

मी यात का उतरले ते आधी सांगते. माझे दीर काही वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. माझ्या वाटणीच्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसायचे. शेजारच्या बेडवर भोरच्याही पुढच्या एका गावातल्या बाई असायच्या. पहाटे वडापच्या जीपने भोर, तिथून पहिली एसटी, स्वारगेटहून रिक्षा. मशीन सुटलं की हाताच्या फिस्टुलावर (डायलिसिसची सुई टोचायच्या रक्तवाहिनीच्या जोडावर) कापसाचा बोळा दाबून धरलेला, आणि नजर घड्याळाकडे, परतीची गाडी चुकू नये म्हणून. उपचार त्यांना योजनेतून फुकट मिळत होते. जड जायचा तो वरचा खर्च आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडणारा रोज. मग कधीकधी तीनऐवजी दोनदाच यायच्या, आणि पुढच्या वेळी आल्या की पाय सुजलेले, दोन वाक्यं बोलताना धाप. हे मी जवळून बघितलं आहे, म्हणून ही राइड मला काहीही करून पूर्ण करायची आहे.

आता अडचण. माझं वय ४७, बँकेत नोकरी. साधी हायब्रिड सायकल आहे, ऑफिसला तिनेच जाते. रविवारी खडकवासला किंवा त्याच्या पुढे. ५०-६० किमी ताशी १८ च्या वेगाने आरामात होतात. टीममधले बहुतेक जण तिशीतले, रोडबाइकवाले, म्हणजे वेगासाठीच्या हलक्या सायकलींचे. शनिवारच्या सरावाला ते २६-२८ च्या वेगाने सुटतात आणि धायरी फाट्यापर्यंतच मला दिसेनासे होतात. पुढचा सगळा रस्ता मी एकटी. लीडर म्हणतात, "स्पीड वाढवा, होईल." पण एकटीनेच चालवायचं असेल तर टीमबरोबर सराव करायचा तो कशासाठी?

हातात दहा आठवडे आहेत. काय आणि कसं करू? उजवा गुडघा चढावर अधूनमधून दुखतो, समोरच्या बाजूला. आणि लोकांकडे पैसे मागताना काय सांगायचं, पावतीचं काय, हेही कुणी समजावलं तर बरं होईल. माझी नणंद अमेरिकेत असते, ती मोठी रक्कम द्यायला तयार आहे.

---

घाटवाट

ताई, वेग तुमच्या टीमने कमी करायला हवा. तुमचं मन राखायला म्हणत नाही, हिशेब करून बघा. पुणे-सातारा साधारण ११० किमी. तुमच्या १८ च्या वेगाने सायकलवरचे सहा तास. चहा-नाश्ता, पंक्चर, खंबाटकी घाटाच्या माथ्यावरचा विसावा असे अडीच-तीन तास धरले तरी पहाटे साडेपाचला निघालेला माणूस दुपारी तीनच्या आत साताऱ्यात असतो. २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ सुद्धा लागत नाही, आणि ती राइड पुरी करणाऱ्याला लोक पक्का सायकलपटू समजतात. चार दिवसांच्या मदतनिधीच्या राइडला २८ चा वेग कुणाला हवा आहे? देणगी देणाऱ्याला तर नक्कीच नको. त्याला तुम्ही सगळे पणजीला पोचलेले हवे आहात.

टीमबरोबर सराव म्हणजे रांगेत चालवायला शिकणं. एकट्याने कितीही किलोमीटर केले तरी हे येत नाही, आणि तुमच्या टीमने ते अजून सुरूच केलेलं दिसत नाही. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवलं की मागच्याला वारा कापावा लागत नाही, त्याची बरीच ताकद वाचते. कोल्हापूर सोडल्यावर निपाणीपर्यंतचा रस्ता उघडा आहे. तिथे समोरून वारा सुटला की एकटा माणूस पार गळून जातो, पण रांगेत बसलेला गप्पा मारत जातो. म्हणून सर्वात दमदार गडी पुढे आणि सर्वात हळू चालवणारा त्याच्या मागे, दुसरा किंवा तिसरा. शेपटाला कधीच नाही. वेग ठरवायचा तो दुसऱ्या नंबरवाल्याने. तुम्ही मागून "हळू" म्हणालात की पुढच्याने ऐकायचं. लीडरला हे माझ्या शब्दांत वाचून दाखवा हवं तर.

पानशेत रस्ता रविवारी पहाटे रिकामा असतो, तिथे सुरुवात करा. पहिल्यांदा एक सायकल मावेल इतकं अंतर ठेवा, सवय झाली की कमी करा. पुढच्याच्या मागच्या चाकाकडे टक लावून बघायचं नाही. त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ द्यायचं नाही. तो खड्डा चुकवायला जरासा सरकला की चाकाला चाक लागतं, आणि पडतो तो मागचा. एकदम ब्रेक मारायचा नाही. पॅडल थांबवायचं, अंग थोडं उंच करून वारा अंगावर घ्यायचा, वेग आपोआप उतरतो. पुढच्याला जे दिसतं ते त्याने ओरडून सांगायचं: "खड्डा", "काच", "स्पीडब्रेकर", "थांबतोय". आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. आठव्या माणसाला काहीच दिसत नसतं, त्याचे डोळे म्हणजे पुढच्या सातांचा आवाज. हायवेवर हे सगळं कडेच्या पट्ट्यातच. पुढचा माणूस बदलायचा असेल तर पट्टा रुंद असेल तिथेच, मागे वळून बघून. पट्टा अरुंद असेल तर सरळ थांबून बदला.

सर्वात मागे एक ठरलेला अनुभवी माणूस, पंप, ट्यूब आणि हत्यारं घेऊन. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. प्रत्येक घाटमाथ्यावर आणि प्रत्येक फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे निघायचं नाही. एवढे दोन नियम पाळले तर टीम आहे, नाहीतर एकाच रंगाची जर्सी घातलेले आठ सुटे लोक.

आता तुमचा स्वतःचा सराव. आठवड्याला एक लांब राइड करून भागणार नाही, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, दुखऱ्या अंगाने पुन्हा सीटवर बसताना. म्हणून शनिवार आणि रविवार लागोपाठ चालवा. आत्ता ५० आणि ४०, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत राइडच्या तीन आठवडे आधीपर्यंत १०० आणि ८०. मधे एखादा आठवडा मुद्दाम हलका ठेवा. शेवटच्या आठवड्यात फक्त पाय मोकळे ठेवण्यापुरतं. चढासाठी बोपदेव घाट उत्तम. कोंढव्यातून बोपदेव, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, तिथून हायवेने शिंदेवाडी आणि जुन्या कात्रज घाटाने घरी. या फेरीत घाट, उतार, हायवे सगळं येतं. ही जमली की खंबाटकीची काळजी सोडा. घाटात सर्वात हलका गिअर, सीटवर बसूनच, शेजारच्याशी एक वाक्य सलग बोलता येईल एवढाच जोर.

आंबोलीच्या उतारावर मात्र रांग मोडायची. दोन सायकलींमध्ये चांगलं अंतर हवं. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, सोडायचे, वळणाच्या आधीच वेग उतरवायचा. जानेवारीत पहाटे तिथे धुकं आणि दव असतं. ऊन पडेपर्यंत चहा घ्या आणि मगच उतरा. रिमचे, म्हणजे चाकाची कडा दाबणारे ब्रेक असतील तर मधे एकदा थांबून रिम निवू द्या.

खाण्याचं थोडक्यात: भूक लागायची वाट बघू नका. दर तासाला केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा. मिसळ मुक्कामी पोचल्यावर.

---

निशिगंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा समोरून दुखतो म्हणजे बहुतेक वेळा सीट खाली असते, किंवा जड गिअरवर दाबून चालवलं जातं. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग पंजा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो, तो बरोबर. सीट एकदम वर नेऊ नका, थोडी थोडी चढवा, नाहीतर गुडघ्याच्या मागे दुखायला लागेल. गिअर हलका ठेवून मिनिटाला पॅडलच्या ८०-९० फेऱ्या मारायची सवय करा. दुसऱ्या दिवशी जिना चढतानाही दुखत असेल तर मात्र सायकल बाजूला ठेवून दाखवून घ्या.

सायकलिंगची पॅड लावलेली शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते. घासतं तिथे व्हॅसलिन. सीट बदलायची असेल तर आत्ताच बदला, म्हणजे दहा आठवड्यांत अंगवळणी पडेल. आपल्या मापाची, बायकांसाठीची रुंद सीट मिळते.

आणि हे कुणी पुरुष सांगणार नाही म्हणून मी सांगते: वाटेत सोय नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या सायकल चालवणाऱ्या बायका हेच करतात, मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, लघवीला जळजळ होते. लीडरला स्पष्ट सांगा, दर २५-३० किमीला पेट्रोलपंप किंवा बरं हॉटेल बघून थांबा ठरलेला हवा. तो वेळापत्रकात लिहिलेला हवा.

---

जमाखर्च

पैशांबद्दल. देणगी तुमच्या खात्यात घेऊच नका, देणाऱ्याने थेट ट्रस्टच्या खात्यात भरावी. ट्रस्टला देणगीवर करवजावट मिळवून देणारी मान्यता (८०जी म्हणून ओळखली जाणारी) आहे का ते आधी विचारा. देणाऱ्याचा पॅन लागतो, आणि वर्षअखेर ट्रस्टने देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावर वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मिळतच नाही, तेव्हा सरसकट "टॅक्स वाचेल" असं कुणाला सांगू नका.

नणंदेचा पासपोर्ट कोणता? भारतीय असेल आणि ती स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवणार असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती विदेशी देणगी होते. मग ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यांच्या ठरलेल्या खात्यातच जायला हवी. तुमच्या खात्यातून फिरवून द्यायचा विचारही करू नका.

जर्सी, मुक्काम, सोबतची गाडी हा खर्च टीमने स्वतः करावा आणि तसं जाहीर सांगावं. मागताना "यथाशक्ती" म्हणण्यापेक्षा एका रुग्णाचा महिन्याचा जाण्यायेण्याचा खर्च ट्रस्टकडून विचारून घ्या आणि तो आकडा सांगा. महिन्याला बारा-तेरा फेऱ्या, दोन माणसं. लोकांना कशासाठी देतोय ते कळलं की हात मोकळा होतो. तुम्ही वर त्या भोरच्या बाईंबद्दल लिहिलंय तेच, नाव-गाव न सांगता, लिहून पाठवा.

---

कर्वेनगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटवाट, तुमचा प्रतिसाद ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. त्यावर आणखी दोघांनी लिहिलं की तेही शनिवारी मागे एकटेच असतात, बोलले नव्हते एवढंच. लीडरनी आज फोन केला. येत्या रविवारी पानशेत रस्त्यावर रांगेचा सराव आहे, मी दुसऱ्या नंबरवर, वेग २० च्या वर न्यायचा नाही असं ठरलंय. थांब्यांचा तक्ता मीच करते आहे.

सीट खरंच खाली होती, थोडी चढवली. नणंदेने नागरिकत्व घेतलेलं आहे, तेव्हा ट्रस्टला एफसीआरएबद्दल मेल केली आहे.

एकच राहिलं: परत येताना सायकली कशा आणायच्या? सोबतच्या गाडीत तीनच मावतात.

---

घाटवाट

वा, २० ठीक आहे. पण तो आकडाही तुम्ही "हळू" म्हणालात की उतरला पाहिजे, तेवढं पक्कं करून घ्या.

मडगावहून गोवा एक्स्प्रेस बेळगाव-मिरजमार्गे पुण्याला येते. आपल्या तिकिटावर सायकल ब्रेक व्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) सामान म्हणून बुक करता येते. गाडीच्या वेळेच्या बरंच आधी पार्सल ऑफिसात जा, पाच सायकली म्हटल्यावर वेळ लागतो. पॅडल काढून पिशवीत घ्या, हँडल आडवं वळवा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा, आणि नाव, फोन नंबर, "पुणे" असं ठळक लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी लावा. पुण्यात उतरल्यावर पावती दाखवल्याशिवाय सायकल मिळत नाही, ती पावती खिशात ठेवा, पॅनियरमध्ये (सायकलला लावायच्या पिशवीत) नको.