मदत हवी आहे: कार्बोरेटरवाली जुनी जिप्सी थंडीत सकाळी सुरूच होत नाही

काटोलरोड:
नमस्कार मंडळी. १९९१ची जिप्सी आहे. ९७० सीसी, चार गिअर, हाताने ओढायचा चोक, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर. शेत कळमेश्वरच्या पुढे, राहणं नागपुरात. संत्र्याचा तोडा सुरू झाला की अंधारातच निघावं लागतं, नाहीतर माल कळमन्याच्या बाजारात वेळेत पोचत नाही. आणि नेमकी तेव्हाच गाडी त्रास देऊन राहिली.

रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. आधी काहीच नाही. मग एखादं सिलिंडर फुटफुटतं आणि विझतं. बऱ्याच वेळाने पकडते. दुपारी शेतात दोन-तीन तास उभी ठेवली तर मात्र अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. उन्हाळ्यातही सकाळी थोडा वेळ घ्यायची, पण पारा दहाच्या खाली आल्यापासून हद्द झाली आहे.

शेजारचे काका एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओततात, की लगेच सुरू होते. प्लग नवे, बॅटरी नवी. एक मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर बदलून टाका, दुसरा म्हणतो ठिणगी देणारी कॉइल गेली. सुरुवात कुठून करू?

पाना_बारा:
भाऊ, कॉइलचं डोक्यातून काढा. झाकणभर पेट्रोलवर गाडी पकडते म्हणजे ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, सेल्फही पुरेसा फिरतो. पेट्रोल पोचून नाही राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. हे कळलं, आता काकांना म्हणा पुरे. बॅकफायर झाला की ज्वाला त्याच तोंडातून वर येते आणि तेव्हा हातात उघडी बाटली असते.

तुमच्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोल साठतं त्या कप्प्याला, छोटी काच आहे, तिच्यावर पातळीची खूण. संध्याकाळी गाडी बंद केल्यावर बघा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी टॉर्च लावून परत बघा. एक रुपया खर्च न करता निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

टवाळखोर:
राजेहो, गाडी उतारावर लावत जा.

काटोलरोड:
नागपुरात उतार शोधून द्या, तिथंच प्लॉट घेतो.

ऑरेंजसिटी:
माझा संशय फ्युएल पंपावर. आतली व्हॉल्व्ह गळते, रात्रभरात पेट्रोल टाकीत परत जातं आणि चेंबर रिकामा होतो. सरळ पंप बदला.

हिंगणा_निवृत्त:
चेंबर तसा रिकामा होत नाही. त्यात पेट्रोल वरून, सुईच्या व्हॉल्व्हच्या वाटेने येतं. पंपाची व्हॉल्व्ह गळली तर नळी रिकामी होईल, चेंबर नाही. चेंबर रिकामा दिसला तर एक तर इंजिनच्या गरमीने पेट्रोल उडून गेलं, नाहीतर आतून गळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या वाटेत, उतरलं. नळी आणि चेंबर दोन्ही रिकामे असतील तर आधी नळी भरायची, मग चेंबर, आणि हे सगळं सेल्फच्या जिवावर. म्हणून पंपाची घाई नको.

ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, ऑइल पातळ झालेलं असतं. या मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटला तरी पेट्रोल ऑइलमध्येच जातं.

आणि चोक. एअर क्लीनर काढा, दांडी पूर्ण ओढा आणि हवा अडवणारी पाकळी खरंच मिटते का ते डोळ्यांनी बघा. दांडी बाहेर आली म्हणजे पाकळी मिटली असं नाही, केबल ताणते. आपल्याकडे ट्यूनिंग करून घेतात मे महिन्यात, ४५ अंशांत. मिस्त्री मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, करून देतो, चोककडे कोणी बघत नाही, आणि डिसेंबरात सगळं अंगावर येतं. त्यात आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई-२०). इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते, ती थंड इंजिनात आणायची कुठून? शिवाय निव्वळ पेट्रोलला हवा लागते वजनाने १४.७ पट, ई-२०ला साधारण साडेतेरा पट. पेट्रोल सोडणारी भोकं, म्हणजे जेट, जुनीच, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. अशा वेळी पाकळी अर्धवट उघडी राहून चालत नाही.

माझी नोकरी हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात डिझेलवर गेली, पण घरची गाडी कायम पेट्रोलची होती.

काटोलरोड:
काका, सांगितलं तसं बघितलं. संध्याकाळी पातळी बरोबर खुणेवर, पहाटे काच कोरडी. ऑइलला पेट्रोलचा वास नाही. चोकची पाकळी पाऊण मिटून थांबत होती. केबलचा स्क्रू सोडून ओढून घेतली, आता पूर्ण मिटते. पकडल्यावर विझणं बंद झालं. पण पहिल्यांदा पकडायला वेळ तेवढाच लागतो.

पाना_बारा:
मग आता नळी. गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत, कॉइलची प्लसची वायर काढून ठेवा म्हणजे प्लगला ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून बाटलीत सोडा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला लावा. पेट्रोल लगेच ठोके मारत आलं तर नळी भरलेली आहे, दोष कार्बोरेटरचा. उशिरा आलं, आधी बुडबुडे आले, तर पंपाची व्हॉल्व्ह तरी गळते किंवा टाकीकडची रबरी नळी हवा ओढते. नळी आधी बघा, ती स्वस्त.

ऑरेंजसिटी:
पंपाचं माझं म्हणणं अजून मोडलेलं नाही, लक्षात ठेवा.

काटोलरोड:
आधी नुसते बुडबुडे, बऱ्याच वेळाने पेट्रोल. टाकीजवळची नळी वाकवून बघितली तर रबर जागोजागी तडकलेलं. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घेतली, क्लिपाही नव्या टाकल्या. सकाळचा त्रास निम्म्यावर आला, आणि बाटलीत आता पेट्रोल लगेच येतं, त्यामुळे पंप सध्या तसाच ठेवतो. ऑरेंजसिटी, माफी असावी.

काच मात्र पहाटे अजून कोरडीच असते, म्हणजे कार्बोरेटर खोलावा लागणार. ९७० सीसीच्या कार्बोरेटरचं चांगलं गॅस्केट-किट नागपुरात कुठे मिळेल? आणि तो शांतपणे खोलून बसवणारा कोणी ओळखीचा आहे का? "बदलून टाका" म्हणणारा नको.