मोल्सवर्थ जुना, पण टाकाऊ नाही

काहीजण म्हणतात की संदर्भग्रंथांच्या यादीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश केवळ मानापुरता, निम्मे शब्द तर त्यात सापडतच नाहीत. पहिलं पटत नाही. दुसरं मलाही वाटायचं. पण शब्द असतात, आपण शोधतो चुकीच्या लेखनात. दुसरी आवृत्ती 1857 ची, आणि अनुच्चारित अनुस्वार (लिहायची, पण उच्चारात नसलेली टिंबं) गेले ते 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी. तेव्हा 'पाच' नाही, 'पांच' बघायचं. 'आढं' नाही, 'आढें'. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा अख्खा कोश फुकट शोधता येतो, तिथे तर एका टिंबावाचून हात हलवत परत यावं लागतं.

मी स्वतः 'वळचण' बघायला गेलो आणि तासभर अडकलो, कारण नोंदींत म्हणी, वाक्प्रचार, कोकणातला वापर असं बरंच काही भरलेलं आहे. अर्थ इंग्रजीत, हा मात्र खरा अडथळा. मराठीतूनच अर्थ हवा असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या. सात खंड आहेत, शिवाय पुरवणी. (कपाटात जागा आहे का ते आधी घरच्यांना विचारा.)