मदत हवी आहे: लिलावाच्या तोंडावर आलेला फ्लॅट मालकाकडून थेट घ्यावा का? (नाशिक)

इंदिरानगरकर: आमच्या भागातील एका फ्लॅटचे कर्ज थकले असून येत्या बुधवारी त्याचा ई-लिलाव आहे. मालक परिचयाचे आहेत. राखीव किमतीपेक्षा (लिलावात बँकेने ठरवलेली किमान किंमत) थोडे जास्त घेऊन ते मला थेट विकायला तयार आहेत, मात्र उद्याच पाच लाख विसार मागतात. द्यावा का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_शाखाधिकारी: लिलावाची जाहिरात केव्हा आली? ताबा कोणाकडे आहे? बँकेची लेखी संमती आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

इंदिरानगरकर: जाहिरात गेल्या महिन्यात आली. दारावर नोटीस डकवली आहे, पण कुटुंब तिथेच राहते. कालही गॅलरीत मुलांचे गणवेश वाळत होते. पैसे भरले की बँक संमती देईल, असे मालक म्हणतात.

निवृत्त_शाखाधिकारी: मग विसार मुळीच देऊ नका. सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता विकून वसुली करण्याचा बँकांचा कायदा) कलम १३(१३) प्रमाणे, थकबाकी भरा असे सांगणारी मागणी नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय कर्जदाराला ती मालमत्ता विकता येत नाही.

नाशिकरोडचा_रहिवासी: इतके घाबरवू नका. मी २०१४ मध्ये असाच फ्लॅट घेतला. लिलावाला चार दिवस असताना सगळी थकबाकी भरली आणि बँकेने कागद सोडले.

निवृत्त_शाखाधिकारी: तेव्हाचा कायदा वेगळा होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर थकबाकी फेडून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. आता बँकेने स्वतःहून लिलाव थांबवला, तरच मार्ग आहे.

सोसायटी_सचिव: फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना हस्तांतरण अधिमूल्य म्हणून सोसायटीला २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

नाशिकरोडचा_रहिवासी: ते नंतरचे झाले. त्यापेक्षा सरळ लिलावातच बोली लावा.

निवृत्त_शाखाधिकारी: लावावी, पण पैशांची तजवीज आधी हवी. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी, बोलीसाठी आधी भरलेली अनामत धरून किमतीच्या २५ टक्के भरावे लागतात. उरलेले, मुदत वाढवून मिळाली नाही तर, विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते.

इंदिरानगरकर: उद्या सकाळी मालकांना घेऊन बँकेच्या वसुली विभागात जातो. लेखी पत्र हातात पडेपर्यंत विसार देणार नाही.

निवृत्त_शाखाधिकारी: जाताना जाहिरातीचे कात्रण न्या. बँकेचा ताबा सांकेतिक (फक्त कागदोपत्री, नोटीस लावून घेतलेला) आहे की प्रत्यक्ष, हे त्यात लिहिलेले असते. सांकेतिक असेल, तर लिलावात घेतल्यावरही ते कुटुंब घर केव्हा रिकामे करील, हे बँकेला विचारावे लागेल.