समजावून बाप बदलत नसतो

आपल्या श्रद्धेला चिकटून बसलेल्या बापाची कथा लिहायची, तर शेवटच्या सीनमध्ये मुलगी समजावते आणि बाप बदलतो, असं एकानं सुचवलंय. मला ते पटत नाही. आमच्या यवतमाळकडचा कापूसवाला बाप घ्या. मृग लागला की सरकी टोबायचीच, ही त्याची श्रद्धा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तो ऐकत नाही. पेरू द्या त्याला. मग उघाड पडते. तो शेतात पेरलेल्या ओळीत उकिडवा बसून बोटानं माती उकरतो, सरकीचा कोंब वाळलेला. दुबार पेरणीसाठी बायकोचं डोरलं गहाण. ती एवढंच म्हणते, "आता तं थांबा जी." खरा धक्का हा. तरी लगेच बदलू नका त्याला. पुढच्या मृगात बियाण्याची थैली फोडायला घेऊ द्या, आणि हात तिथंच थांबू द्या.